आई-बाबा, रविवारी स्पीकर बसवायला माणूस येतोय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आधीच सांगते, सामान घेऊन झालंय. त्यामुळे "कशाला उगाच" हे फोनवर नको. शनिवारी खोकी येतील, रविवारी सकाळी माणूस. हप्ता नाही, उसनवारी नाही. बाबा, टीव्ही तोच राहणार आणि रिमोटही तोच. आई, तुझी आरामखुर्ची आहे तिथेच राहील. टेपरेकॉर्डरला कुणी हात लावायचा नाही, हेही त्या माणसाला बजावलंय.

धडाडधूम ऐकायला हे घेतलेलं नाही. हल्लीचे टीव्ही इतके पातळ असतात की त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी शोकेसवर, भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. त्यात आपल्या हॉलमध्ये शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. बोलणं घुमतं, आणि स, श, फ, थ असली बारीक अक्षरं सगळ्यात आधी हरवतात. मग आवाज चाळीसवर जातो, आई कपाळ धरून स्वयंपाकघरात जाऊन बसते, आणि तरी संवाद कळत नाहीत, नुसतं मागचं संगीत वाढतं. बाबा, दोष तुमच्या कानांचा आहे असं मी म्हणत नाही. पण वय झालं की हेच बारीक आवाज आधी कमी ऐकू येतात, सगळ्यांनाच. त्याबद्दल खाली लिहिलंय, रागावू नका.

समोर तीन स्पीकर आणि एक सबवूफर (नुसत्या खर्जाचा, म्हणजे खालच्या जाड सुरांचा डबा), एवढंच घेतलंय. मागचे दोन मुद्दाम घेतले नाहीत. दुकानदार पाचाचा संच घ्या म्हणत होता, पण मागच्या स्पीकरच्या वायरी सोफ्याभोवतून जाणार, आणि आईच्या गुडघ्याचं पाहता मला त्या हॉलमध्ये जमिनीवर एकही वायर नकोय. पमाआत्याच्या वेळचं पुन्हा नको. रिसीव्हरमध्ये (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणारं यंत्र) मागचे स्पीकर 'नाही' असं नोंदवलं की त्यांचा आवाज पुढच्यांत मिसळून येतो, काही गळत नाही.

तिघांत मधला स्पीकर सगळ्यात महत्त्वाचा. चित्रपट-मालिकांमधलं बहुतेक बोलणं त्यातूनच येतं. तो टीव्हीखाली शोकेसच्या फळीवर बसेल, पण फळीच्या अगदी कडेला, पुढच्या काठाशी तोंड जुळवून. आत ढकलला तर फळीवरून आवाज परततो आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. पुढून खाली रबराचे दोन तुकडे घालून त्याचं तोंड थोडं वर, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाकडे करायचं. आई, त्या फळीवरची समई आणि गणपती वरच्या कप्प्यात जातील. फक्त तेवढं हलेल.

डावा-उजवा टीव्हीच्या दोन्ही अंगांना, एकमेकांपासून सात फूट, स्टँडवर, बसल्यावरच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सव्वातीन फूट. सोफा मात्र मागच्या भिंतीला टेकलेला चालणार नाही, दीड फूट पुढे घ्यावा लागेल. आपला हॉल टीव्हीपासून सोफ्यामागच्या भिंतीपर्यंत अकरा फूट आहे. एवढ्या अंतरात साधारण ५१ हर्ट्झचा खर्ज अडकून फुगतो, आणि त्याचा सगळ्यात मोठा फुगवटा भिंतीलगतच असतो. डोकं भिंतीला टेकलं की ढुम्म ढुम्म सुरू आणि संवाद त्याखाली बुडतात. बाबा, मागे दीड फुटाची वाट राहील, झाडूवालीलाही बरं पडेल.

सबवूफरबद्दल त्या माणसाशी वाद होणार, म्हणून सविस्तर लिहिते. तो सरळ कोपऱ्यात ठेवायला निघेल, कारण दोन भिंती आणि फरशी मिळून आवाज मोठा करतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. ऐकू नका. त्याला सांगा, सबवूफर आधी सोफ्यावर, बाबांच्या जागेवर ठेव. मग खर्ज असलेली एखादी संथ चाल लाव आणि समोरच्या भिंतीकडेने खाली वाकून फिर. जिथे सगळे खालचे सूर सारख्या ताकदीने ऐकू येतात, एकच सूर उसळत नाही, ती सबवूफरची जागा. खोली तीच आणि अंतर तेच, म्हणून बसणारा आणि डबा यांची अदलाबदल केली तरी हिशेब तोच राहतो. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. देवघराच्या भिंतीला मात्र लावू देऊ नका, तसबिरी थरथरतील. खाली जाड रबरी चटई हवी. शोकेसची काच किंवा माळ्यावरचे स्टीलचे डबे वाजले, तर डब्यांमध्ये फडकी सारा.

सबवूफरच्या मागची बटणं अशी: फ्रिक्वेन्सीचं बटण शेवटपर्यंत उजवीकडे, कारण कुठले सूर सबवूफरकडे जायचे ती वाटणी रिसीव्हर करणार आहे, दोघांनी केली तर मधले सूर दोनदा कापले जातात. आवाजाचं बटण निम्म्यावर. फेजचं बटण (सबवूफरची कंपनं सरळ की उलटी ते ठरवणारं) ० आणि १८०, दोन्हीकडे करून बघायचं आणि सोफ्यावर खर्ज भरदार लागेल तिथे ठेवायचं. रिसीव्हरमध्ये तिन्ही स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जाईल. ऑटो सेटिंग, म्हणजे रिसीव्हर मायक्रोफोनवरून स्वतःच करतो ते मोजमाप, पुष्कळदा स्पीकर 'लार्ज' ठरवतं, ते हाताने बदलायचं. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षाहून जास्त दिसलं तर तसंच राहू द्या. आतल्या सर्किटमुळे आवाजाला लागणारा उशीर रिसीव्हर त्यात धरतो.

मायक्रोफोन लावून मोजमाप चालू असताना पंखे बंद, कुकर बंद, फोन दुसऱ्या खोलीत. मायक्रोफोन बाबांच्या कानाच्या उंचीला, स्टँडवर, उशीवर नाही. सगळं झाल्यावर मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबल वाढवायची आणि नाइट मोड चालू ठेवायचा. त्याने गोळीबार आणि जाहिराती दबतात, कुजबूज वर येते. आई, तुझ्यासाठी सगळ्यात उपयोगाचं हेच आहे. रेडिओवर नाटक लागलं की तू आम्हाला नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवायचीस, पोळी तव्यावर करपली तरी हलायची नाहीस. तसं एकेक वाक्य तुला बसल्या जागी ऐकू यायला हवं.

वायर शुद्ध तांब्याची, दीड स्क्वेअर एमएम. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम स्वस्त मिळतं. वायर सोलून तारेचं टोक कापून किंवा खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. टोकं पिळून घट्ट करायची. एखादी तार बाहेर राहून शेजारच्या टोकाला लागली तर शॉर्ट होऊन रिसीव्हर स्वतःच बंद पडतो. लाल लालला, काळं काळ्याला. एक जरी उलटं झालं तर खर्ज विरून जातो आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. टीव्हीवरून एचडीएमआय केबल 'एआरसी' लिहिलेल्या भोकात, टीव्हीत सीईसी (एकाच रिमोटने दोन्ही चालवायची सोय) चालू आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद. मगच तुमच्या नेहमीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होईल.

आता विजेचं. बाबा, हे तुमच्याकडे. सबवूफरमधून सतत गुंss असा आवाज आला, तर आधी केबलवाल्याची वायर सेट टॉप बॉक्समधून काढा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा घोळ त्या वायरीतून येतोय, तिला आयसोलेटर (चित्र-आवाज जाऊ देऊन अर्थिंगचा संबंध तोडणारा छोटा जोड) लावून घ्या. प्लगची तिसरी पिन मोडून गुणगुण घालवणारे लोक असतात, तसं कुणालाही करू देऊ नका, शॉकचा धोका आहे. त्या माणसाकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती पार कोरडी होते आणि अर्थ कमजोर पडतो, म्हणून फाल्गुनापासून आठवड्याला बादलीभर पाणी त्यात टाका. जिना उतरून तुम्ही स्वतः नाही, खालच्या पोराला सांगा. इन्व्हर्टरवर रिसीव्हर लावायचा नाही.

आई, रिसीव्हरवर तुझा विणलेला रुमाल नको. खरंच नको. बेचाळीस डिग्रीत तो आधीच तापलेला असतो, वर चार बोटं मोकळी जागा लागते. त्या रुमालाला बाहेरच्या खोलीत जागा काढू. धूळ आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने, बंद असताना.

घुमणं कमी करायला वेगळं काही विकत आणायचं नाही. सोफ्यामागच्या भिंतीवर पडद्याची दांडी लावून त्यावर घरातली जाड सोलापुरी चादर दुहेरी घडी घालून सोडा, भिंतीपासून तीन इंच सोडून. मोराची निळी चांगली दिसेल. तिने बोलण्याचा घुमारा जाईल, खर्जाला ती अडवत नाही, ते काम सबवूफरच्या जागेचं. टीव्ही आणि सोफ्यामध्ये जमखाना अंथरा, पण चारी कडा फरशीला दुतोंडी पट्टीने चिकटवून. आईचा पाय अडकायला नको.

आणि बाबा, कानांची तपासणी. ऑडिओमेट्री म्हणतात, दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम. मशीन लावा असा आग्रह मी आज धरत नाही. कुठले आवाज कमी येतात ते कागदावर दिसलं तर त्याप्रमाणे स्पीकरचे बारीक सूर थोडे वाढवता येतील. नंदूदादा रविवारी घरी असेलच, सोमवारी त्याच्याबरोबर जाऊन या. नाही म्हणू नका.

स्पीकर बसवून झाले की रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा आणि सबवूफरच्या बटणांचा फोटो नंदूला काढून पाठवायला सांगा. मी बघून हो म्हटल्यावरच त्या माणसाला पैसे द्या, त्याआधी चहा द्यायला हरकत नाही.

तुमची,
सोनू