आपल्या गॅलरीतले ऊन

डोंबिवली

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत तू नवा कॅमेरा घेऊन आलास आणि तो बॅगेतून फारसा बाहेर न काढताच पुण्याला परत गेलास. “डोंबिवलीत फोटो काढण्यासारखे आहे तरी काय?” हे तुझे वाक्य माझ्या मनातून गेले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आपली गॅलरी दक्षिणेकडे उघडते. मे महिन्यात सूर्य डोक्यावरून जातो आणि वरच्या स्लॅबमुळे ऊन आत येत नाही. डिसेंबरात मात्र तो भर दुपारीसुद्धा दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवर असतो, त्यामुळे ग्रिलच्या नक्षीची सावली गॅलरी ओलांडून दिवाणखान्यातल्या मोझॅकच्या लाद्यांवर उतरते. गेल्या आठवड्यात तेथे आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या, सूप उन्हात आणि त्यांचा चेहरा सावलीत. मी मोबाइलवर फोटो घेतला, पण मोबाइलने सावलीही उजळून टाकली आणि जे पाहिले होते ते हरवले. तुझ्या कॅमेऱ्यात तांदळाच्या उजेडावर एक्स्पोजर धरून चेहरा तसाच अंधारा ठेवता आला असता.

अमेरिकेत बिल ओवेन्स नावाचे छायाचित्रकार कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे स्थानिक वृत्तपत्रासाठी काम करीत होते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आसपासच्या वसाहतींतील कुटुंबांचे त्यांच्याच स्वयंपाकघरांत आणि अंगणांत फोटो काढले, आणि आज ते त्याच कामासाठी ओळखले जातात. लोकांनी त्यांना घरात घेतले, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते. लडाखसारख्या दूरच्या ठिकाणी फोटो काढायला गेलास, तर तेथे तू पाहुणा असशील. येथे कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका तुला शाळेच्या गणवेशापासून ओळखतात, त्यामुळे तू कॅमेरा डोळ्याला लावलास तरी त्यांचा हात थांबणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहिताना मला जड जाते. आपली इमारत पुनर्विकासाला जाणार हे आता नक्की झाले आहे. जिन्याचा गुळगुळीत झालेला कठडा, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदलेली तुझी उंची, तळमजल्यावरच्या तुळशीवृंदावनाजवळ दुपारी झोपणारे मांजर, यांतले काहीही पुढच्या दिवाळीला नसेल. रिकामी इमारत कोणीही टिपू शकेल. आपण राहत असतानाची मात्र आपल्यापैकीच कोणीतरी टिपायला हवी.

दरवर्षी 16 मेच्या आसपास, दुपारी साडेबारानंतर थोड्याच वेळात, आपल्याकडे सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि अंगणातल्या विजेच्या खांबाची सावली काही क्षण नाहीशी होते. तुझी परीक्षा तोपर्यंत संपलेली असेल. गच्चीची किल्ली मी मागून ठेवते; तेथून अंगण सरळ खाली दिसते.

तुझी,
आई