व्याह्यांना आपल्याच डोंगरात फिरव

हेब्डन ब्रिज, यॉर्कशायर, इंग्लंड

चि. सई,

अनेक आशीर्वाद. मे महिन्यात तू आणि निखिल व्याही-विहीणबाईंना घेऊन घरी याल, तेव्हा आम्ही पुण्यात असू. म्हणून आत्ताच लिहिते. यॉर्क आणि विंडरमियर दाखवायचा तुमचा बेत कळला. दाखवा, पण त्या गर्दीत जाण्याआधी दोन दिवस आपल्या डोंगरांना द्या.

पहिल्या दिवशी डोंगरावरचं हेप्टनस्टॉल गाव. जुन्या दगडी पुलापासून वर चढणारी फरसबंद वाट तुझ्या आवडीची असली, तरी विहीणबाईंच्या गुडघ्यांचा विचार कर आणि बसने जा. तिथे एकाच आवारात दोन चर्च आहेत. १८४७ च्या वादळात जुनं मोडकळीला आलं, १८५४ मध्ये शेजारी नवं बांधलं, आणि जुन्याचे भग्न खांब तसेच उभे राहिले. त्याच आवारात डेव्हिड हार्टलीची कबर शोधा. हा नाणी पाडणाऱ्या टोळीचा ‘राजा’. सोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरायच्या आणि त्या सोन्याची खोटी नाणी पाडायची, हा त्यांचा धंदा. १७७० मध्ये यॉर्कला त्याला फाशी दिलं. लोक अजून त्याच्या कबरीवर नाणी ठेवतात! गल्लीतल्या घरांच्या वरच्या मजल्यावर ओळीने खिडक्या दिसतील. हातमागाला उजेड लागायचा, म्हणून त्या.

आता खरं सांगायचं ते दुसऱ्या दिवसाचं. व्याही अमळनेरचे, घरी कापसाची शेती. त्यांना रॉचडेलच्या वरच्या रूली मूरवर न्यायलाच हवं. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतली बंदरं रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. हजारो कामगार घरी बसले. त्यांना मदतीच्या बदल्यात कामं दिली गेली, त्यातलंच हे एक: माळरानावर घडीव दगडांचा रस्ता. कोणी सूत कातणारा, कोणी विणकर, आणि हातात दगड. त्याच वर्षांत आपल्याकडे खानदेश-वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा खेळू लागला. आपला कापूस इथे ‘सुरती’ म्हणून यायचा. आखूड धाग्याचा, कचरा फार. सूत सारखं तुटायचं आणि मजुरी मालावर मोजलेली, म्हणून इथले कामगार त्याच्या नावाने बोटं मोडायचे. हे व्याह्यांना जरा जपून सांग! १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. एकाच घटनेची ही दोन टोकं. त्यांच्या घरात त्या काळाबद्दल काही बोललं जायचं का, ते त्यांना नक्की विचार.

गाडी कॅटली लेन हेडपाशी लावून चालत जा. वर आडोसा अजिबात नाही. मे असला तरी जाकिटं घ्या.

उतरल्यावर रॉचडेलमध्येच टोड लेनला जा. १८४४ मध्ये अठ्ठावीस जणांनी इथे सहकारी दुकान काढलं: लोणी, साखर, पीठ, ओटमील, मेणबत्त्या. भेसळ नाही, उधारी नाही, नफा सभासदांत वाटायचा. आता तिथे संग्रहालय आहे. सहकार म्हटलं की व्याह्यांची कळी खुलते, तिथून लवकर निघायची आशा ठेवू नकोस. उघडण्याच्या वेळा मात्र आधी बघ.

खाण्याचं. आपल्याकडची चिप्सची बरीच दुकानं अजून गाईच्या चरबीत तळतात, नुसत्या बटाट्यालासुद्धा तेच. विचारल्याशिवाय त्यांना देऊ नकोस. डॉक पुडिंग मिळालं तर घरी आण. रानभाजीचा पाला, खाजकुइली नव्हे पण तशीच चावरी नेटल, कांदा आणि ओटमील. थालीपिठाच्या पिठात पालेभाजी जास्त झाल्यासारखं लागतं. इथले लोक ते डुकराच्या चरबीत परततात, तू लोण्यात परत. वेन्सलीडेल चीज फ्रूटकेकबरोबर द्या. चीजच्या वेष्टनावर शाकाहारी लिहिलंय ना, तेवढं पाहून घे.

स्टूडली पाइक, म्हणजे डोंगरावरचा तो स्मारक-मनोरा, तुम्हा दोघांसाठी ठेवा, सकाळी लवकर, त्यांना झोपू दे. आतला जिना काळोखा आहे. टॉर्च स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात आहे, बॅटरी नवीन घाल.

तुझी,
आई