आई-बाबा, त्या चंदेरी रेघांबद्दल

ती. आई-बाबा,
नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली सोलार पॅनलची दोन्ही कोटेशनं बघितली. एकात १० बसबारचे (म्हणजे पॅनलमधल्या जाड चंदेरी रेघा) पॅनल, दुसऱ्यात १६ बसबारचे, आणि दुसरा म्हणतोय बसबार जास्त म्हणजे वीज जास्त म्हणून भाव पण जास्त. फोनवर हे सांगायला घेतलं की आई मधेच "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहूनच काढते. तसंही बडोद्यात दांडिया बाजारात कुणी विचारलं की तुम्ही नुसतं "ती सोलारमध्ये आहे" एवढंच सांगता, ते पण एकदाचं होऊन जाईल.

काचेतून नीट बघितलंत तर सेलवर, म्हणजे पॅनलमधल्या एकेका चौकोनावर, चंदेरी रेघा दिसतील. अगदी बारीक असतात त्या फिंगर, आणि त्यांना छेदून जाणाऱ्या जरा जाड त्या बसबार. सेल सिलिकॉनचा असतो, ऊन पडलं की त्यात करंट तयार होतो, तो गोळा करून बाहेर काढायला धातू लागतो, आणि पंचाईत अशी की धातू बसला की त्याच्या खाली ऊनच पोचत नाही. मांडवीजवळ रस्ता रुंद करायचं निघालं की कुणाचा तरी ओटा जातोच ना, तसं. रेघ रुंद केली तर ऊन अडतं, बारीक केली तर करंटला वाट अपुरी पडते आणि तो रेझिस्टन्समध्ये तापून वाया जातो. या दोन नुकसानांची बेरीज कमीत कमी कुठे होते ते शोधायचं, हेच माझं काम, इलेक्ट्रोड डिझाइन म्हणतात त्याला.

वीसेक वर्षांपूर्वी फिंगर शंभर मायक्रॉनहून रुंद असायच्या, आता २०-३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण तिसावा ते पन्नासावा भाग. आणि छापतात कशा, तर स्क्रीन प्रिंटिंगने! रावपुऱ्यात दादाच्या लग्नाच्या पत्रिका छापल्या होत्या ना, जाळीवर शाई ओतून रबराच्या पट्टीने ओढायची, तीच पद्धत, फक्त शाईच्या जागी चांदीची पेस्ट. रेघ अरुंद हवी पण उंच हवी, पसरली तर सावली वाढते आणि मधे तुटली तर तेवढ्या भागातला करंट अडकतो. मग भट्टीत सातशे-आठशे डिग्रीला काही सेकंद. पेस्टमधली काचेची पूड वितळून सेलवरचा निळा थर खाते आणि चांदी खाली सिलिकॉनला जाऊन टेकते. कमी तापलं तर नीट टेकत नाही, जास्त तापलं तर आत घुसून सेलच बिघडवते. आमचे निम्मे वाद या भट्टीवरून असतात.

त्यात अजून एक भानगड आहे जी जाहिरातीत कधीच येत नाही. धातू सिलिकॉनला थेट चिकटतो तिथे तयार झालेला करंट बाहेर यायच्या आधीच तिथल्या तिथे विरून जातो. म्हणजे नुसती सावली कमी करून भागत नाही, टेकण्याची जागाच कमी पाहिजे. पर्क नावाच्या सेलमध्ये मागच्या बाजूला तेवढंच केलं, पूर्ण पाठीवर ॲल्युमिनियम चिकटवण्याऐवजी मधे थर घालून छोट्या छोट्या जागीच टेकवलं. टॉपकॉन नावाच्या सेलमध्ये मागच्या बाजूला मधे ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा पडदा ठेवतात, करंट आरपार जातो पण धातू सेलच्या मूळ सिलिकॉनला शिवत नाही. मला विचाराल तर ही कल्पना बसबारच्या आकड्यापेक्षा कितीतरी हुशार आहे.

मग रेघा समोर ठेवायच्याच कशाला, असं तुम्ही विचारणारच. बॅक कॉन्टॅक्ट सेलमध्ये सगळ्या मागेच असतात, समोरून सेल कोरा काळा. मजा म्हणजे १९५४ मधे बेल लॅब्सने जो पहिला कामाचा सिलिकॉन सेल केला, सहा टक्क्यांचा, त्याचेही दोन्ही संपर्क मागेच होते, पण करंटला लांबचा वळसा पडायचा म्हणून नंतर समोर जाळी आली. आता परत मागे जायचं चाललंय, फक्त महाग पडतं.

आई, चांदीचा भाव का वाढतो असं तू विचारतेस, त्यात थोडा हात आमचाही आहे गं. एका सेलला साधारण शंभर मिलिग्रॅम लागते, पॅनलला काही ग्रॅम, पण जगभर पॅनल किती लागतायत बघ. तांबं स्वस्त आणि करंट जवळपास तितकाच चांगला नेतं, पण ते सिलिकॉनमध्ये शिरलं की सेल मारतं, म्हणून आधी निकेलचा थर द्यावा लागतो. सध्या मी याच्याच मागे आहे.

आता कोटेशनचं. बसबार वाढले की दोन बसबारमधलं अंतर कमी होतं, फिंगरमधून करंटला कमी चालावं लागतं, म्हणून त्या अजून बारीक करता येतात. फायदा खरा आहे. पण तो पॅनलवर लिहिलेल्या वॅटमध्ये आधीच मोजलेला असतो! तुम्ही ५५० वॅटचे पैसे देताय तर १० असो की १६, त्याच टेस्टला दोन्ही ५५०च. म्हणून दोघांकडून प्रति वॅट भाव लिहून घ्या आणि तेच बघा. हाफ-कट मात्र हवेच, सेल अर्धा कापला की करंट अर्धा आणि तारांमधलं नुकसान चौथाई.

एका गोष्टीसाठी मी १६ला थोडे जास्त देईन. उत्तरायणला (संक्रांतीला) अख्खी पोळ, म्हणजे सगळी गल्लीच, अगाशीवर असते, पतंग अडकला की पोरं पॅनलवर पाय देणारच, कितीही ओरडा. सेलला न दिसणारी चीर पडते, आणि बसबारच्या तारा जास्त असल्या तर तुटलेला तुकडाही कुठल्या ना कुठल्या तारेला जोडलेला राहतो. वॅटच्या आकड्यात हे येत नाही. पण थोडे म्हणजे थोडेच, त्याने लावलेत तेवढे नाही.

आणि पाण्याची टाकी. फोटोत दुपारी तिची सावली बरोब्बर पॅनलच्या जागेवर पडतेय. सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली आली की सगळी ओळ अडते, सावलीतला भाग वगळून करंट पुढे नेणारा डायोड असला तरी पॅनलचा तेवढा भाग बंदच. आम्ही इथे अर्ध्या टक्क्यासाठी महिनोन्‌महिने घासतो आणि ती टाकी एका दुपारी त्याच्या कितीतरी पट खाईल. तिची जागा आधी बदला, मग सही करा. ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे पण त्यासाठी भारतात बनलेल्या सेलचेच पॅनल लागतात, कोटेशनवर डीसीआर (भारतातल्याच मालाची ती अट) लिहिलंय का बघा, पहिल्यावाल्याने लिहिलेलं नाही.

धुवायचं सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी नको. आणि बाबा, तुम्ही स्वतः शिडी चढायची नाही, आई लक्ष ठेव. नवीन कोटेशन आलं की फोटो पाठवा, या वेळी मागची बाजू पण.

तुमची,
छोटी