'सदोष मनुष्यवध' म्हणजे हलका गुन्हा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मारहाणीत किंवा अपघातात कोणी दगावले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत बहुधा एक वाक्य असतेच : 'पोलिसांनी खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल केला.' वाचणाऱ्याला वाटते, प्रकरण दाबले. कधी ते खरेही असेल. पण हे शब्द नेमके कशासाठी आहेत हे बातमीत नसते, त्यामुळे प्रकरण खरोखर सौम्य केले गेले की कायद्याने तेच कलम बसत होते, हे ताडून पाहायला वाचकाच्या हाती काही उरत नाही. मृताच्या घरच्यांच्या हाती तर मुळीच नाही. म्हणून हे थोडे सविस्तर.

पहिली गोष्ट, सदोष मनुष्यवध हा मोठा वर्ग आहे आणि खून हा त्यातलाच गंभीर प्रकार. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०० सदोष मनुष्यवधाची व्याख्या करते. तो केव्हा खून ठरतो हे कलम १०१ सांगते. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच. प्रत्येक सदोष मनुष्यवध मात्र खून नसतो. तेव्हा बातमीत जे म्हणायचे असते ते 'खून न ठरणारा सदोष मनुष्यवध' असे आहे. खुनाला कलम १०३ खाली फाशी किंवा जन्मठेप. खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाला कलम १०५, आणि त्याचे दोन भाग आहेत. मृत्यू घडवण्याचा, किंवा मृत्यू येण्याची शक्यता आहे अशी इजा करण्याचा उद्देश असेल, तर पहिला भाग : जन्मठेप, किंवा किमान ५ आणि कमाल १० वर्षे कैद. उद्देश नव्हता, पण या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव होती, तर दुसरा भाग : १० वर्षांपर्यंत कैद, आणि तिथे किमान मर्यादा नाही. ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्याला हलका म्हणणे चूक आहे. आणि 'कलम १०५' एवढेच छापून भाग न छापणे म्हणजे अर्धी बातमी देणे आहे.

सगळ्यात खाली कलम १०६ येते : बेदरकारपणे किंवा हयगयीने घडलेला मृत्यू. इथे ना उद्देश, ना जाणीव. माणसाने जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही, एवढेच. जुन्या दंड संहितेत ३०४-अ खाली याला २ वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता ५ वर्षांपर्यंत आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना घडले तर २ वर्षेच. कलम १०६ चे पहिले उपकलम जामीनपात्र आहे, कलम १०५ नाही. आरोपी त्याच रात्री घरी जातो की कोठडीत, हे यावर ठरते.

खून आणि त्याखालची पायरी यांतला फरक मात्र वकिलांनाही घाम फोडतो. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या आरोपीचा खटला आला. नवरा १८ वर्षांचा, बायको १५ ची. त्याने तिला खाली पाडले, छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर बंद मुठीचे दोन-तीन जोरदार ठोसे मारले. मेंदूत रक्त साकळून ती मेली. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी सदोष मनुष्यवध आणि खून यांची कलमे शेजारी शेजारी मांडून शब्दागणिक तुलना केली, आणि ती आजही न्यायालयांत वापरली जाते. त्यांचा निष्कर्ष असा : नाजूक जागी मुठीचा किंवा काठीचा फटका बसला तर मृत्यूची 'शक्यता' असते, तिथेच तलवारीचा वार बसला तर तो निसर्गक्रमानुसार मृत्यू यायला 'पुरेसा' असतो. शक्यता असेल तर सदोष मनुष्यवध, पुरेसेपणा असेल तर खून. गोविंदा खुनातून सुटला, शिक्षेतून नाही. त्या मुलीच्या मरणाचे मोल यामुळे कमी ठरले असे अनेकांना वाटेल, आणि ते वाटणे समजण्यासारखे आहे. पण कायदा तिथे मृत्यू मोजत नाही, मारणाऱ्याच्या मनात काय होते ते मोजतो.

याच्या उलट बाजूला १९५८ चा विरसा सिंग खटला. पोटात भाल्याचा एकच वार, आतडी बाहेर आलेली, दुसऱ्या दिवशी मृत्यू. 'एकच तर वार केला, मारायचे नव्हते' हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तपासाचा क्रम घालून दिला : इजा आहे का, ती कशा प्रकारची आहे, नेमकी तीच इजा करायची होती का (अपघाताने किंवा दुसरीकडे मारताना तर झाली नाही ना), आणि ती इजा निसर्गक्रमानुसार मृत्यूला पुरेशी आहे का. शेवटचा प्रश्न वस्तुनिष्ठ आहे. आरोपीला शरीरशास्त्र ठाऊक होते की नाही याला तिथे किंमत नाही. म्हणजे जीव घेण्याचा उद्देश सिद्ध झाला नाही, तरी खून सिद्ध होऊ शकतो.

खटले कोसळतात ते इथेच. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचे कारण 'डोक्याला मार लागल्याने' एवढेच लिहिलेले असते. कोणती जखम, किती सेंटिमीटर लांब, किती खोल, खालचे हाड मोडले का, आणि ती एकटी मृत्यूला पुरेशी होती की सगळ्या मिळून, याचे उत्तर त्यात नसते. तपास अधिकाऱ्याने जप्त केलेले हत्यार डॉक्टरांना दाखवून लेखी अभिप्राय घ्यायला हवा. तो राहून जातो. मग साक्षीच्या वेळी सरकारी वकिलाने 'ही जखम निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी होती का' हा प्रश्न विचारायचा राहिला, की बचाव पक्षाला मोकळे रान मिळते. जखमी माणूस आठ-पंधरा दिवसांनी दवाखान्यात जंतुसंसर्गाने गेला तर हा प्रश्न आणखी नाजूक होतो. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की 'उपचार नीट मिळाले असते तर वाचला असता' म्हटले की आरोपी सुटला. तसे नाही. कलम १०० चे स्पष्टीकरणच सांगते की योग्य उपचारांनी मृत्यू टळला असता तरी इजा करणाऱ्यानेच मृत्यू घडवला असे धरायचे. आधीच आजारी असलेल्याचा मृत्यू मारामुळे लवकर ओढवला, तरीही तेच.

खुनाला पाच अपवाद आहेत. त्यांपैकी एखादा लागू झाला की तेच कृत्य कलम १०५ मध्ये उतरते. रोजच्या कामकाजात दोनच जास्त भेटतात. एक, गंभीर आणि अकस्मात प्रक्षोभ. 'अकस्मात' या शब्दावर सगळे तोललेले आहे. नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर आहुजा याला गोळ्या घातल्या, त्या खटल्यात पत्नीची कबुली २७ एप्रिल १९५९ च्या दुपारी आली. त्यानंतर बायको-मुलांना सिनेमाला सोडणे, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेणे, मग आहुजाचे घर गाठणे यांत सुमारे तीन तास गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटले की डोके थंड व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, आणि खुनाची शिक्षा कायम केली. दुसरा अपवाद अचानक जुंपलेल्या भांडणाचा : पूर्वतयारी नको, रागाच्या भरात झालेले हवे, आणि गैरफायदा घेतलेला किंवा क्रूरपणा केलेला नको. बांधावरच्या भांडणात हातातली काठी लागली हे यात बसू शकते. घरी जाऊन कोयता घेऊन परत येणे सहसा बसत नाही.

वाहनाखाली माणसे मरतात तेव्हा प्रश्न १०५ चा दुसरा भाग की १०६, असा असतो. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली, सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने हयगय मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने जुन्या संहितेच्या ३०४ चा (म्हणजे आजच्या १०५ चा) दुसरा भाग लावून तीन वर्षे दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते उचलून धरले : दारू पिऊन, जिथे माणसे झोपतात हे माहीत असलेल्या रस्त्यावर भरधाव गाडी चालवणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच. तेव्हा अशा प्रकरणात रक्ताचा नमुना किती वाजता घेतला, याला साक्षीदारांइतकेच महत्त्व येते. उशीर झाला की रक्तातले मद्य उतरते, आणि त्यासोबत 'जाणीव' सिद्ध करण्याचा एक मोठा आधारही जातो. अपघात करून पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे १०६ (२) हे उपकलम १ जुलै २०२४ ला बाकीच्या संहितेबरोबर लागू केले गेले नाही, तरी ते लागू असल्यासारखे छापले जाते.

तारखेचेही तसेच. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्याला जुनी दंड संहिताच लागते, खटला कितीही पुढे चालो. पुण्यातल्या कल्याणीनगरचा मोटार अपघात १९ मे २०२४ चा, म्हणून तिथे ३०४ आणि ३०४-अ हीच कलमे चर्चेत आली. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना '३०२ दाखल' (३०२ हे खुनाचे जुने कलम) लिहिणे मात्र सवयीने चाललेली चूक आहे. जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला आता १०३ (२) हे वेगळे उपकलम आहे, शिक्षा खुनाचीच.

एक विनंती बातमीदारांना. पहिल्या दिवशीचे कलम हा पोलिसांचा प्राथमिक अंदाज असतो. जखमी दगावला की १०९ चे (खुनाच्या प्रयत्नाचे) १०३ होते. त्याला पोलीस ठाण्यात कलमवाढ म्हणतात. दोषारोपपत्रात ते बदलू शकते, आरोप निश्चितीत न्यायाधीश बदलू शकतात, निकालात खुनाच्या आरोपावर १०५ खाली शिक्षा होऊ शकते. प्रत्येक टप्प्यावर कलम, उपकलम आणि भाग छापावा. निकालाच्या दिवशी तर जरूर छापावा, कारण खुनाचा आरोप असताना त्याहून कमी गुन्ह्यात दोषी ठरवले गेले, तर मृताच्या कायदेशीर वारसांना स्वतः अपील करता येते (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ चे परंतुक). मात्र गुन्हा तोच राहिला आणि फक्त शिक्षा कमी वाटली, तर हा मार्ग त्यांना नाही; ते अपील शासनाने करायचे असते. 'सात वर्षे सक्तमजुरी' एवढ्या बातमीवरून घरच्यांना आपण यांतल्या कोणत्या जागी उभे आहोत हे कळत नाही, आणि अपिलाची मुदत तर निकालाच्या तारखेपासूनच मोजली जाते.

आपला,
फौजदारी वकिली करणारा एक वाचक, कोल्हापूर