डावा पाय आणि रिकीब

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

'घोड्यावर बसणं बंद कर' म्हणून रविवारी फोनवर तू ओरडलास, मीही ओरडले, आणि बाबा पेपरामागे लपून बसले. फोनवर तू बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आधी हे ऐक, मी पडले नाही. घोडी दुडकीवर आली आणि डावं पाऊल रिकिबीत घोट्यापर्यंत आत सरकलं. त्या पावलाला काही कळतच नाही रे, ते कुठे आहे हे मला मान खाली घालून बघावं लागतं. मोतद्दाराने घोडी थांबवली. चूक माझीच. पाऊल लोंबतं हे मी शिकवणाऱ्यांना सांगितलंच नव्हतं, बसू देणार नाहीत या भीतीने. आता सांगितलंय. नव्या रिकिबीला बाहेरच्या बाजूने रबर आहे, पाय अडकला तर ते निघून येतं. टाचेचे बूट घेतलेत. दुडकी बंद. एक जण घोडी धरून पुढे, एक जण माझ्या डाव्या अंगाला.

साडेसहाला जाते, कारण ऊन चढलं की मी विझते. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, या माझ्या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण झिजलेलं असतं, त्यात उष्णता वाढली की मेंदूचा निरोप आणखी अडखळतो. एप्रिल-मे सुट्टीच. ओट्यावरून मला गव्हाचं पोतं चढवावं तसं चढवतात. पहिली पाच मिनिटं मांड्या लाकडाच्या. मग घोडीची ऊब लागते आणि तिच्या चालीबरोबर कंबर हलायला लागते, पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली, अगदी माणूस चालताना हलते तशी. हळूहळू मांड्या सुटतात. सोळा वर्षांपूर्वी मी अशी चालायचे, ते कंबरेला आठवतं. एमआरआयमध्ये यातलं काही दिसणार नाही, ठाऊक आहे मला.

डेन्मार्कची लिस हार्टेल माहीत आहे? १९४४ मध्ये, पोटात मूल असताना पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज या, घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच पुरुषांबरोबर उतरू दिलं आणि तिने रौप्य मिळवलं. पुढे १९५६ मध्ये पुन्हा. मला पदक नको, पण टाच मारता येत नसली तरी मांड पक्की असू शकते, एवढं तिच्याकडून घेतलंय.

बाथरूममध्ये मी दोनदा पडले, तेव्हा तू 'आंघोळ बंद कर' म्हणाला नाहीस. भिंतीला दांडी बसवून दिलीस.

एक कबूल करते. ज्या दिवशी एकाचे दोन दिसतील किंवा चक्कर असेल, त्या दिवशी जाणार नाही. बाबा साक्षीदार.

दिवाळीला येशील तेव्हा सकाळी बरोबर चल. गाजर मी आणीन. देताना तळहात सपाट ठेव, बोटं आखडलीस तर घोडी गाजराबरोबर बोटंही चावते.

तुझी,
आई