हॉलची चावी कोणाकडे असते, तेही छापा कधीतरी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पेपर मी मागच्या पानावरून वाचायला सुरुवात करते, म्हणजे आधी खेळ आणि मग बाकीचं जग. खेड्यातल्या पोरांनी मेडल आणलं की तुमच्याकडे फोटो येतो, शेजारी कोच, त्याच्या शेजारी कोणीतरी पुढारी. छानच आहे. पण ती पोरं ज्या क्रीडा केंद्रात खेळून मोठी झाली ते रोज उघडतं कोण आणि बंद करतं कोण, हे काही कधी वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र.

खरं सांगायचं तर मीही ह्यातली नव्हते. मुलीला बॅडमिंटनला सोडायचं आणि बाहेर गाडीत मोबाइल बघत बसायचं, वर तक्रारी पण माझ्याच जास्त, लाइट उशिरा लागले, फ्लोअरवर धूळ आहे, बाथरूमला पाणी नाही. एक दिवस तिथले केअरटेकर काका एवढंच म्हणाले, "ताई, जरा आत बसता का, मी पंप चालू करून येतो, तोवर पोरांकडे बघायला कोणी नाही." तेव्हा जी आत बसले ती आज तिसरं वर्ष.

आत बसल्यावर कळलं की लाकडी फ्लोअर ओल्या फडक्याने पुसायचं नसतं, पाणी मुरलं की फळ्या फुगतात, म्हणून काका रोज बॅच सुरू व्हायच्या आधी रुंद कोरडा मॉप घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतात आणि मला वाटायचं धूळ तशीच आहे, अहो दारं उघडी आणि बाहेर मातीचं ग्राउंड, येणारच ना धूळ! एक रिटायर झालेले सर येतात, त्यांच्याकडे एक काठी आहे, तिच्यावर ऑइलपेंटच्या खुणा. २.४३ मीटरला पुरुषांचं व्हॉलीबॉलचं नेट, २.२४ ला महिलांचं, खाली १.५५ ला बॅडमिंटनचं. बॅडमिंटनचं नेट खांबापाशी १.५५ आणि मधोमध १.५२४ पाहिजे, म्हणजे अडीच सेंटिमीटरचा झोल मुद्दाम ठेवायचा असतो, आणि कोणी उत्साहाने नेट ताणून बांधलं की सर न बोलता जाऊन सोडतात आणि परत बांधतात. एकच हॉल, दोन खेळ, नेटच्या तीन उंची, दिवसातून चार वेळा नेट वरखाली. ह्याचे सरांना एक पैसा मिळत नाही.

आता जरा तक्रार. मागे व्हॉलीबॉलमध्ये एक मुलगी नेटपाशी उडी मारून बॉल अडवून उतरताना दुसरीच्या पायावर पडली, घोटा मुरगळला, लगेच टम्म सुजला. बर्फ ऑफिसच्या फ्रिजमध्ये, फर्स्ट एड बॉक्स ऑफिसच्या कपाटात, ऑफिसला कुलूप आणि चावी कमिटीतल्या एका गृहस्थांच्या खिशात, ते बाहेरगावी. काका बिचारे माफी मागत होते, त्यांची काय चूक? त्यानंतर आम्ही भांडून बॉक्स दाराजवळच्या भिंतीवर लावून घेतला, बिनकुलपाचा, आणि ट्रेनिंगही घेतलं. सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलं तर, छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, मोठ्या माणसाला निदान ५ सेंटिमीटर खोल, बाहुलीवर करतानाच दोन मिनिटांत माझे हात भरून आले, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला सांगतात. म्हणजे हॉलमध्ये हे येणारा एक माणूस असून भागत नाही, निदान दोन पाहिजेत.

पण मीटिंगमध्ये काय ऐकू येतं, तर "व्हॉलंटियर आहेत ना, मग पगारी माणूस कशाला?" हे वाक्य ऐकलं की डोकंच फिरतं. उलट आहे हो सगळं. पेरणी-कापणीच्या दिवसांत आमच्यातले अर्धे गायब असतात, परीक्षा आल्या की कॉलेजची पोरं येत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, फुकट काम करणाऱ्याला तू आलाच पाहिजेस असं कोणत्या तोंडाने म्हणणार? रोज हजर असणारा एक पगारी माणूस असेल तरच बाकीचे दहा जण जमेल तसे येऊन जाऊ शकतात. ते पार्करन बघा, लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ ला १३ जण धावले आणि सुरू झालं, शनिवारी सकाळी ५ किलोमीटर, फी नाही, वेळ घेणारे, रस्त्यात उभे राहणारे सगळे व्हॉलंटियर, आज कितीतरी देशांत चालतं. पण त्यांच्याकडेही मागे पगारी स्टाफ आहेच की.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे स्वयंसेवकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय, म्हणजे भाषणं आणि सर्टिफिकेटं होतील. आम्हाला सर्टिफिकेट नको, ऑफिसची दुसरी चावी करून द्या, कोण कधी येणार त्याचा महिन्याचा तक्ता लावा आणि काकांना आठवड्यातून एक तरी पक्की सुट्टी द्या, ती मिळावी म्हणून त्यांच्या जागी बदली माणूस ठेवा. एवढंच मागणं आहे.

आणि तुमच्याकडे एक विनंती. उद्घाटनाला तुमचा वार्ताहर येतोच, एकदा त्याला बंद व्हायच्या वेळेला पाठवा. शेवटच्या पोराला न्यायला कोणी आलेलं नसतं, काका गेटवरचा लाइट चालू ठेवून त्याच्याशी गप्पा मारत उभे असतात, आणि रजिस्टरमध्ये त्यांची ड्युटी अर्ध्या तासापूर्वीच संपलेली असते.

आपली,
एक पालक (आणि मंगळवार-गुरुवारची व्हॉलंटियर)