चामखीळ: शब्द एक, आजार दोन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘चामखीळ आठ दिवसांत गळून पडेल’ असा दिलासा देणारे घरगुती उपाय वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून सतत फिरत असतात. लसूण, अंजिराचा चीक, चुना-सोडा, घोड्याच्या शेपटीचा केस, अशी यादीही ठरलेलीच. उपाय चूक की बरोबर हा नंतरचा प्रश्न. आधीची अडचण अशी की ‘चामखीळ’ या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि एकीवरचा उपाय दुसरीवर करून बसतो. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्यांना या घोटाळ्याचे परिणाम रोज निस्तरावे लागतात, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे मानेवर, काखेत, पापणीवर किंवा जांघेत लोंबणारी मऊ, बारीक देठाची गाठ. ती विषाणूमुळे होत नाही आणि एकाची दुसऱ्याला लागत नाही. वजन वाढले, गरोदरपण आले, घरात आईवडिलांना असली, कातडी कातडीवर घासत राहिली की ती येते. कात्रीने किंवा विजेच्या सुईने डॉक्टर ती पाच मिनिटांत काढतात. महत्त्वाचे वेगळेच आहे. अशा गाठींच्या जोडीला मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी, कारण शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असू शकते. मुलीला ‘मान घासत नाहीस’ म्हणून ओरडण्याआधी हे लक्षात ठेवावे. घासून तो पट्टा जात नाही.

दुसरी ती खरी चामखीळ. कुणी तिला मस म्हणते, कुणी मोस. खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी, बोटांवर, नखाच्या कडेला, गुडघ्यावर, तळपायावर येणारी. ही ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे येते. १९०७ साली इटलीत च्युफ्फो यांनी चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तो त्वचेत टोचला आणि तिथे चामखीळ उगवली. तेव्हा कारण जिवाणूपेक्षाही लहान आहे हे कळले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज माहीत आहेत आणि प्रत्येकाचे आवडते ठिकाण आहे. हातांवर बहुधा २, २७ आणि ५७ क्रमांकाचे, तळपायावर १ क्रमांकाचाही, चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळींत ३ आणि १०, जननेंद्रियांवर ६ आणि ११. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते १६ आणि १८ हे वेगळे भाऊबंद. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसाच्या हातावरची साधी चामखीळ पुढे कर्करोग होईल, ही धास्ती बाळगू नये.

विषाणू आत शिरतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेतून, आणि त्वचेच्या बाह्यस्तराच्या सर्वांत खालच्या थरात ठाण मांडतो. रक्तात तो उतरत नाही. म्हणून ‘रक्तशुद्धी’च्या काढ्यांचा इथे उपयोग नाही आणि म्हणूनच शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा सुगावा उशिरा लागतो. संसर्ग आणि चामखीळ यांत साधारण एक ते सहा महिने जातात, कधी त्याहून जास्त. तेव्हा ‘शेजारच्या मुलाकडून लागली’ हा आरोप सिद्ध करणे अवघडच.

तळपायावर चामखीळ आणि कुरूप यांची गल्लत कायमची. वजनामुळे चामखीळ वर न वाढता आत दाबली जाते आणि तिच्यावर घट्ट्यासारखी जाड कातडी चढते. ओळखायच्या खुणा तीन. कुरूप वरून दाबले की दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. तळव्याच्या रेषा घट्ट्यावरून सरळ पुढे जातात, चामखिळीपाशी मात्र त्या तुटतात आणि वळसा घालून जातात. वरची मेलेली कातडी हलकेच घासली तर चामखिळीत काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना ‘मूळ’ म्हणतात आणि सुईने उकरून काढायला बसतात. ती मुळे नव्हेत; रक्त गोठलेल्या केशवाहिन्यांची ती टोके आहेत. उकरल्याने रक्त येते आणि विषाणूला शेजारची जागा आयती मिळते.

पसरण्याच्या वाटा सांगताना हस्तांदोलनालाच दोष दिला जातो. त्यापेक्षा नखे कुरतडणारी मुले पाहावीत: नखाच्या कडेची एक चामखीळ पाचही बोटांवर आणि मग ओठांवर जाते. सतत ओले राहणारे हातही हिला मानवतात. मटणाच्या दुकानात काम करणाऱ्यांत चामखिळी जास्त आढळतात, कारण ओलसर, फुगलेली आणि जागोजागी कापलेली कातडी. घरात पाय घासायची वज्री, अंग घासायची जाळी, नेलकटर आणि टॉवेल ज्याचे त्याने वापरावेत. जलतरण तलावाच्या काठावर आणि वसतिगृहाच्या सामायिक न्हाणीघरात चप्पल घालावी. मुलाला शाळेतून काढून घरी बसवण्याचे काही कारण नाही. चामखिळीवर चिकटपट्टी पुरते. या विषाणूला वरून तेलकट आवरण नसल्याने अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो सहज दाद देत नाही. चामखिळीला हात लावल्यावर साबणपाण्याने धुणे बरे.

सलूनचा विषय थोडा जास्त बोलण्यासारखा आहे. दाढीच्या भागात एक चपटी चामखीळ असली तर वस्तरा तिला गालभर पेरत जातो. पात्याच्या दिशेने ओळीत बसलेले वीस-तीस ठिपके पाहिले की निदान वेगळे करावे लागत नाही. हल्ली पाते नवे लावतात, गिऱ्हाइकाला दाखवूनच लावतात. मग येतो तुरटीचा खडा! रक्त थांबवायला तो नेमका कापलेल्या जागांवर फिरतो आणि तसाच ओला पुढच्या गालावर जातो. तुरटी लावणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. खडा घरून न्यावा, किंवा तुरटीचे पाणी कापसाच्या नव्या बोळ्याने लावायला सांगावे. चेहऱ्यावर चामखिळी असताना ब्लेड बंद ठेवून ट्रिमरने केस थोडे राखावेत. भुवयांच्या थ्रेडिंगलाही हेच लागू: दोरा दर वेळी नवा हवा आणि चामखीळ असलेल्या जागेवरून तो फिरवू नये.

आता उपाय. पहिला पर्याय काहीच न करण्याचा, आणि लहान मुलांत तो बरेचदा योग्य असतो, कारण त्यांच्या सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. मंतरलेला दोरा, घोड्याचा केस आणि आठ दिवसांचा उपाय या साऱ्यांचे यश बहुतांशी याच खात्यातून आलेले असते.

थांबायचे नसेल तर घरी करता येण्याजोगा उपाय म्हणजे सॅलिसिलिक आम्लाचे औषध, साधारण १७ टक्क्यांचे, बाटलीच्या टोपणाला काडी असलेले. रात्री ती जागा पाच ते दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवून ठेवावी. पांढरी पडलेली मेलेली कातडी नखे घासायच्या पट्टीने काढावी, रक्त येईपर्यंत नाही. पट्टी दुसऱ्या कशाला वापरू नये, काम संपल्यावर टाकून द्यावी. जागा कोरडी करून भोवतालच्या चांगल्या कातडीवर पेट्रोलियम जेलीचे कडे काढावे, मग औषधाचा एक थेंब फक्त चामखिळीवर लावून सुकू द्यावा. हे रोज, बारा आठवडे. जळजळ झाली, कातडी लाल होऊन सोलली, तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा सुरू करावे. तळपायासाठी ४० टक्क्यांची पट्टी मिळते. ती चामखिळीच्या मापाची कापून लावावी, अख्खी चिकटवू नये.

फसते ते दोन ठिकाणी. न घासता औषधावर औषध चढवले तर ते मेलेल्या थरातच मुरते, खाली पोचत नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात जागा सपाट झाली की लोक बाटली ठेवून देतात. काळे ठिपके गेले आणि त्वचेच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा अखंड दिसू लागल्या, तरच चामखीळ गेली असे समजावे. तळपायाची मात्र फार चिवट. २०११ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तळपायाच्या चामखिळींवर काहींना ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल आणि काहींना द्रवनायट्रोजनने गोठवण्याचा उपचार दिला होता. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले प्रत्येकी फक्त १४ टक्के निघाले. महागडा उपाय म्हणजे हमखास उपाय, असे समीकरण इथे चालत नाही.

आता चुना आणि धुण्याचा सोडा. हे दोन पाण्यात कालवले की कॉस्टिक सोडा तयार होतो, तोच तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तो. चामखीळ आणि चांगली कातडी असा भेद त्याला कळत नाही. तो खाली खोलवर जाळत जातो आणि वेदना जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. बिब्ब्याच्या तेलाने फोड तर येतातच, वर काहींना अंगभर खाज सुटते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. अशा भाजण्यातून छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर वाढत जाणारा जाड व्रण उरतो, आणि तो घालवणे चामखीळ घालवण्यापेक्षा कितीतरी कठीण.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होते तेही माहीत असावे. उणे १९६ अंशांच्या द्रवनायट्रोजनने चामखीळ काही सेकंद गोठवतात. दुसऱ्या दिवशी फोड येऊ शकतो आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा यावे लागते. आपल्या सावळ्या त्वचेवर तिथे पांढरा डाग पडून काही महिने राहू शकतो, हे आधी विचारून घ्यावे. विजेच्या सुईने जाळण्यासाठी जागा बधिर करतात. तळपायावर हा उपाय शक्यतो नको, कारण मागे राहिलेला व्रण पावलागणिक दुखतो. खूप आणि हट्टी चामखिळींसाठी गोवर-गालगुंड-रुबेलाची लस सर्वांत मोठ्या चामखिळीत थोडी टोचतात, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने काही वेळा. प्रतिकारशक्ती जागी झाली की न टोचलेल्या, लांबच्या चामखिळीही विरघळतात. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना ही लस चालत नाही.

घरी काहीही न लावता थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा असे प्रसंग पुढचे. चामखीळ चेहऱ्यावर, पापणीवर किंवा जननेंद्रियांवर आहे. मधुमेह आहे किंवा पायांचा रक्तपुरवठा कमी आहे. पायाची संवेदना गेलेली असेल तर कुरपावर लावायच्या औषधी पट्टीनेही न दुखणारी आणि न भरणारी जखम होते. मूत्रपिंड बदललेले आहे, एचआयव्ही आहे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत. गाठ चटकन वाढते, आपोआप रक्त येते, रंग बदलतो किंवा चिघळते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच एखादी उगवली. नखाखालची एकच ‘चामखीळ’ वर्षानुवर्षे हटत नाही. तिथे कर्करोगाची शंका घेऊन तुकडा तपासावा लागतो. तळव्यावरचा काळा, वेडावाकडा पसरणारा डाग ही चामखीळ नव्हे, तो मेलेनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कर्करोग, असू शकतो. आणि आपल्या देशात विसरू नये असे एक: हातावर, गुडघ्यावर किंवा पायावर एकच खरखरीत चट्टा एका कडेने वाढतो आहे, मध्ये थोडा भरल्यासारखा दिसतो आहे आणि महिनोन् महिने जात नाही, तर तो त्वचेचा क्षयरोग असू शकतो. तो क्षयाच्या औषधांनीच बरा होतो. त्याला चामखीळ समजून पुनःपुन्हा जाळल्याने वर्षे वाया जातात.

जननेंद्रियांवरच्या चामखिळींबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून त्या सर्वांत उशिरा दाखवल्या जातात. गुदद्वाराजवळच्या अनेकदा मूळव्याधीचे कोंब समजून मलमे लावत ठेवल्या जातात. हातापायाचे औषध तिथे अजिबात लावू नये. जोडीदाराचीही तपासणी हवी, एचआयव्ही आणि सिफिलिसच्या चाचण्या हव्यात. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. गरोदर स्त्रीने हे आधी सांगावे, कारण पोडोफायलिनसारखे औषध तिला चालत नाही. लहान मुलाच्या या भागात चामखीळ दिसली तर आरडाओरडा न करता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. ती जन्मावेळी किंवा सांभाळणाऱ्याच्या हातावरूनही आलेली असते. पण अत्याचाराची शक्यता तपासणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे आणि पालकांनी त्याचा राग मानू नये.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवरची लसही आहे: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे, ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलींसाठी आणि मुलांसाठीही. पंधराव्या वर्षाआधी सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, त्यानंतर तीन. आधीच आलेली चामखीळ ती घालवत नाही, आणि हातापायाच्या चामखिळींचे प्रकार तिच्या यादीत नाहीत.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे पुरवणीत चामखिळीवरचा उपाय छापलाच, तर तो मानेवरच्या लोंबत्या गाठीचा आहे की हातापायावरच्या खरखरीत चामखिळीचा, हे पहिल्या ओळीत यावे. चुना-सोडा मात्र दोन्हींसाठी वगळावा.

आपले,
त्वचारोग विभागातील दोन डॉक्टर